मागचं काढू नका

जुना फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत सांगतं, "मागचं सगळं काढून टाका, पांढरं करा." मागे असतं काय? कुडाची भिंत, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, खाटेवरची वाकळ, कोपऱ्यातून डोकावणारं एखादं शेंबडं पोर. आजोबा तेवढे स्वच्छ हवेत, फेट्याचा तुरा ताठ हवा, डोळे मिटले असतील तर उघडून हवेत. मी करून देतो, पोटाचा प्रश्न आहे. वडिलांचा स्टुडिओ होता. काचेच्या प्लेटवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायला त्यांनीच शिकवलं, आता तेच काम संगणकावर चालतं. पण अलीकडे मागचं पुसताना माझा हात अडतो, आणि त्याला कारण आहे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एकशेचाळीस वर्षांपूर्वी घोडागाडी घेऊन शेतोशेती फिरणारा एक फोटोग्राफर. नाव सॉलोमन बुचर. आमच्या धंद्यातल्या माणसाने त्याच्या प्लेटा पाहायलाच हव्यात. त्या आता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात.

आधी तिथली परिस्थिती. 1862 साली अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, अविवाहित बाईलासुद्धा, सरकारी जमिनीतला 160 एकरांचा तुकडा आपल्या नावावर मागता येई. सगळी फी मिळून 18 डॉलर. अट एकच, पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसून दाखवायची. 160 एकर म्हटल्यावर आपल्याकडच्या शेतकऱ्याचे डोळे विस्फारतील. पण नेब्रास्काच्या मध्यात या 160 एकरांत झाड नाही, दगड नाही, नुसतं गवत आणि वारा. आणि जमीन मोकळी होती असं कायदा मानत असला तरी ती मोकळी नव्हती. पॉनी आणि लकोटा लोक तिथे शिकार करत आले होते. पॉनींना 1870 च्या दशकात दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. बुचर जिथे फिरला त्या कस्टर काउंटीला नाव मिळालं तेही तिथल्या मूळ रहिवाशांशी लढताना 1876 साली मारल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्याचं.

लाकूड नाही, दगड नाही, मग घर कशाचं? जमिनीचंच. आपल्याकडे हरळीने धरलेलं ढेकूळ कुदळीने फोडता फोडता माणूस मेटाकुटीला येतो. तिथलं गवत तसं, पण शेकडो वर्षं कुणी न हलवलेलं. खास नांगराने त्या गवताची सुमारे फूटभर रुंद आणि चार इंच जाड अशी सलग पट्टी उलटायची, कुदळीने तिचे हात-दोन हात लांबीचे तुकडे पाडायचे आणि विटांसारखे, गवताची बाजू खाली ठेवून, रचत जायचं. भिंत दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, वणव्याला दाद न देणारं घर. छप्पर मात्र पावसात गळे, आणि पाऊस थांबल्यावरही गळत राही. वरून माती पडू नये, साप पडू नये म्हणून बायका आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत. या घराला ते सॉड हाउस म्हणत, लाडाने सॉडी.

बुचर 1880 साली बापाबरोबर इलिनॉयहून छपरी गाड्यांतून या भागात आला. त्यानेही जमीन मागितली, आणि दोन आठवड्यांत सोडून दिली. शेती हा त्याचा पिंडच नव्हता. त्याआधी तरुणपणी तो एका फोटोग्राफरकडे उमेदवारी करून आला होता. मग मिनियापोलिसला वैद्यकी शिकायला गेला, तीही अर्धवट टाकली, लग्न करून परत आला, शाळेत शिकवलं, छोटा फोटो स्टुडिओ काढला. पुढे आयुष्यात त्याने स्वतःचं औषध बाजारात आणून पाहिलं, जमिनीतलं तेल शोधणारं विजेचं यंत्रही बनवलं. नातेवाईक ज्याला "काही खरं नाही याचं" म्हणतात त्या जातीचा माणूस. पण 1886 साली त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली ती खरी निघाली. कस्टर काउंटीतल्या वसाहतकऱ्यांचा सचित्र इतिहास करायचा. प्रत्येक घराचा फोटो, प्रत्येक घराची हकिगत, आणि तेही ती माणसं जिवंत असताना, ती मातीची घरं उभी असताना. पुढची सातेक वर्षं तो गाडीत कॅमेरा आणि प्लेटा घालून हिंडला. जिथे रात्र होईल तिथे जेवायचं आणि झोपायचं, बदल्यात फोटो.

त्याच काळात आपल्याकडे लाला दीनदयाळ अशाच कोरड्या जिलेटिन प्लेटांवर संस्थानिकांचे आणि राजवाड्यांचे फोटो काढत होते. फोटोग्राफीच्या इतिहासात दोन्ही कामं मोठी आहेत. पण राजवाड्याचे फोटो काढायला राजे बोलावतात. ढेकळांच्या घराचे फोटो काढायला कुणी बोलावत नाही, उलट घरचीच माणसं लाजतात.

हिल्टन कुटुंबाचा फोटो याचं उत्तम उदाहरण आहे. बुचर दारात आला तेव्हा हिल्टनबाईंनी घरासमोर उभं राहायला नकार दिला. हा फोटो पूर्वेकडच्या नातेवाइकांना जाणार, त्यांना हे मातीचं घर दिसता कामा नये. पण आपल्याकडे पायपेटीचा ऑर्गन आहे हे मात्र दिसलंच पाहिजे. शेवटी तो अवजड ऑर्गन घरातून बाहेर काढून गुरांच्या वाड्यात उभा केला, भोवती कुटुंब उभं राहिलं, फोटो झाला, आणि ऑर्गन परत घरात गेला. घर चौकटीत नाहीच. आहेत ती गुरं, उघडं माळरान आणि मधोमध कोरीवकाम केलेला ऑर्गन. बाईंनी मागचं काढायला सांगितलं, आणि फोटोग्राफरने त्याच्याही मागचं पकडून ठेवलं.

बाकीच्या फोटोंतही हीच रीत. घरात उजेड नाही म्हणून सगळा संसार अंगणात. टेबल बाहेर, शिवणयंत्र बाहेर, पिंजऱ्यातला पक्षी बाहेर, घोडे-खेचरं लगाम धरून रांगेत. रॉडिंग कुटुंबाच्या 1886 च्या फोटोत टेबलावर कलिंगड ठेवलंय, आणि घर टेकाडाला लागून असल्यामुळे गाय थेट छपराच्या उंचीवर चरताना दिसते. क्रिस्मन बहिणींचा फोटो तर फार गाजलेला: चार तरुण बहिणी, सॉडीसमोर ओळीने उभ्या, शेजारी खोगीर चढवलेले घोडे. थोरल्या बहिणींनी आपापल्या नावावर जमिनी मागितल्या आणि वास्तव्याची अट पुरी करायला आळीपाळीने एकमेकींच्या घरी सोबतीला राहिल्या. धाकटी हॅटी वयात येईपर्यंत 1892 उजाडलं, तोवर तिथे मागण्याजोगी जमीनच उरली नव्हती. गुलामगिरीतून सुटून आलेल्या जेरी शोअर्सचं कुटुंबही बुचरच्या प्लेटांत आहे, तितक्याच ताठ मानेने आणि तशाच ढेकळांच्या भिंतीसमोर.

या फोटोंतली माणसं इतकी काळवंडलेली आणि करारी का दिसतात, असं कुणीही विचारेल. थोडं उन्हाचं, थोडं कष्टाचं, पण बरंचसं प्लेटेचं आहे. त्या काळची साधी प्लेट फक्त निळा आणि जांभळा प्रकाश ओळखायची. निळं आकाश तिच्यावर इतकं जोरात उमटे की छापल्यावर कोरं पांढरं दिसे. ढग असले तरी गायब. तांबूस कातडी, उन्हाने रापलेले गाल तिला जवळजवळ दिसतच नसत, म्हणून ते छापात काळे. निळे डोळे मात्र काचेसारखे फिके. चेहऱ्यावरचा जो भीषण निर्धार पाहून आपण भारावतो, त्यातला काही हिस्सा रसायनाचा आहे.

म्हणूनच या फोटोंना रंग भरण्याचा सध्या जो उद्योग चालतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. निळं पातळ झगझगीत पांढरं दिसतं, लाल झगा काळा दिसतो. प्लेटेवरच्या करड्या छटेवरून मूळ रंग कोणता ते कुणीच सांगू शकत नाही, संगणकही नाही. तो आपला अंदाज रंगवतो आणि आपण "जिवंत वाटतं" म्हणतो. माझ्याकडेही लोक रंग मागतात. मी भरून देतो, पण बिलावर "अंदाजे रंग" असं लिहितो. काहींना त्याचा राग येतो.

आता या प्लेटा टिकल्या कशा ते पाहा. 1890 च्या दशकात दुष्काळ पडला, शेतकऱ्यांचे पैसे आटले आणि पुस्तकाचं काम रखडलं. 1899 साली बुचरच्या घराला आग लागली. जमवलेल्या हकिगतींची हस्तलिखितं आणि छापलेले फोटो जळून गेले. निगेटिव्ह वाचल्या, कारण त्या घरात नव्हत्याच. त्या धान्याच्या कोठारात ठेवल्या होत्या. जड, धूळखाऊ काचा घरात कोण ठेवणार? जे मोलाचं समजून जवळ ठेवलं ते गेलं, अडगळ म्हणून बाहेर टाकलं ते राहिलं. बुचरने हकिगती पुन्हा जमवल्या, स्वेन फिंच या रँचमालकाने पैसे घातले आणि 1901 साली पुस्तक निघालं. पुढे त्याने आपला सगळा संग्रह लिंकन शहरातल्या नेब्रास्का स्टेट हिस्टॉरिकल सोसायटीला दिला. मोबदला 600 डॉलर. 1927 साली कोलोरॅडोत तो वारला तेव्हा त्याला कुणी यशस्वी माणूस म्हटलं नसतं.

आमच्या धंद्यात जुन्या प्लेटांचं काय होई ते मला माहीत आहे. सोड्याच्या कढत पाण्यात बुडवायच्या, जिलेटिन सुटलं की खरवडायचं, आणि स्वच्छ काच फोटोच्या चौकटीला लावायची. एका कुटुंबाच्या आजीची प्लेट खरवडून दुसऱ्या कुटुंबाच्या आजोबांवर काच बसायची. असे किती संसार धुऊन गेले असतील ते न मोजलेलं बरं. त्यामुळे कुठल्यातरी राज्याच्या सोसायटीने तीन हजारांहून जास्त प्लेटा रचून ठेवल्या, एवढंच मला मोठं वाटतं.

पुष्कळ वर्षं या प्लेटा पुस्तकांतच तेवढ्या दिसत. 1985 साली सोसायटीतल्या जॉन कार्टर यांनी बुचरवर पुस्तक लिहिलं आणि हा माणूस नुसता गावोगावचा फोटोवाला नव्हता हे लोकांच्या ध्यानात आलं. पण माझ्या दृष्टीने खरी गंमत त्यानंतर, प्लेटा मोठ्या ताकदीने स्कॅन झाल्या तेव्हा झाली. जिल कोलिंग यांनी त्या कामावर 2000 च्या सुमारास सविस्तर लिहिलं आहे.

बुचरची प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची. छाप काढायचा तो बहुतेक प्लेटेएवढाच, कागद प्लेटेला भिडवून. बाहेर लख्ख ऊन आणि घरात अंधार, त्यामुळे छापात घराचं दार म्हणजे काळा चौकोन. पण तो काळेपणा छापाच्या कागदाचा दोष आहे, प्लेटेचा नाही. निगेटिव्हवर अंधाराची जागा जवळजवळ पारदर्शक असते. त्या पातळ थरात चांदीचे थोडे कण असतात आणि त्या थोड्या कणांतही चित्र असतं. कागदाला ते दाखवता येत नाही. डार्करूममध्ये आम्ही पंजाची सावली टाकून एखादा भाग उजळ ठेवायचो, पण किती ठेवणार? स्कॅनर मात्र त्या पातळ भागातल्या बारीक छटा हजारो पायऱ्यांत मोजतो, आणि मग फक्त तेवढ्या पायऱ्या ताणून उजळता येतात. असं केल्यावर त्या काळ्या चौकोनांतून घराचं आतलं दिसायला लागलं. भिंतीला लागून ठेवलेलं सामान, टांगलेल्या वस्तू, कुठे आत थांबलेलं माणूस. खिडकीच्या तुकड्यात पडदा, कुंडी. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या प्लेटेत ते होतं, कुणाला दिसलं नव्हतं. नवीन काही घातलं नाही, पुसलं नाही, फक्त होतं ते वर आणलं. दुरुस्ती या शब्दाला मी मान देतो तो अशा कामासाठी.

इतकं मोठं करून पाहिल्यावर बुचरची लबाडीही उघडी पडली, आणि इथे मला तो फारच जवळचा वाटतो. प्लेटेला ओरखडा पडला, जिलेटिनचा तुकडा निघाला, तर हा बहाद्दर त्या जागी शाईने किंवा सुईच्या टोकाने काहीतरी काढून मोकळा व्हायचा. कुठे पक्षी, कुठे झाड. छपरावरच्या डागाची टर्की कोंबडी केल्याची गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. आणखी पुढे जाऊन तो घडलेले प्रसंग नटवून उभे करी. 1885 साली शेतकऱ्यांनी ब्रायटन रँचचं पंधरा मैलांचं तारेचं कुंपण तोडलं होतं. त्याचा फोटो आहे, पण तो नंतर माणसं उभी करून काढलेला. शाळेच्या पुस्तकांत असे फोटो पुरावा म्हणून छापून येतात तेव्हा खालची ओळ नीट वाचावी.

मग दुरुस्त करणाऱ्याने काय करावं? बुरशीचा ठिपका दिसला तर पुसावा. पण ठिपक्यासारखा दिसणारा पक्षी बुचरने स्वतः काढला असेल तर? तो पुसला तर फोटोग्राफरचा हात पुसला. यासाठी मूळ प्लेट तिरप्या उजेडात धरून पाहावी लागते. शाई जिलेटिनवर वेगळी चमकते, ओरखड्याला कडा असते, बुरशीला मुळं असतात. जुन्या प्लेटेच्या कडेने जी निळसर चंदेरी झाक येते ती चांदी पृष्ठभागावर येऊन बसल्याची. ती घासून काढायचा मोह होतो, पण घासलं की चित्रच उतरतं. काचेची बाजू किंचित ओलसर कापसाने पुसता येते. जिलेटिनच्या बाजूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची, बास. संगणकावर काय ते करा, हवं तर दहा वेळा करा, पण प्लेट जशी आहे तशी राहू द्या, आणि पहिला स्कॅन कडेपासून कडेपर्यंत, तडे-बुरशी-बोटांच्या ठशांसकट घ्या. आमच्याकडचे लोक नेमकं उलटं करतात. आधी मूळ फोटो घासून पुसून, फ्रेमच्या मापाला कापून आणतात आणि मग स्कॅन करायला देतात.

अशाच टिकून राहिलेल्या प्लेटांची दुसरी गोष्ट एव्हलिन कॅमरॉनची. ती इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरातली, नवऱ्याबरोबर शिकारीला म्हणून मॉंटानात आली आणि तिथेच राहिली. पोलोचे घोडे पैदा करून इंग्लंडला विकायचा नवऱ्याचा बेत बुडाला. मग तिने पेइंग गेस्ट ठेवले, भाजीपाला विकला, आणि 1894 पासून फोटो काढायला लागली. गावातल्या लोकांचे, नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांचे, मेंढपाळांचे. घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, दुभंगलेला घागरा घालून बसायची म्हणून माइल्स सिटीत तिला अटकेची धमकी मिळाली होती. 1928 साली ती वारली. तिच्या प्लेटा मैत्रीण जॅनेट विल्यम्सच्या तळघरात गेल्या आणि पन्नास वर्षं तिथेच राहिल्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी डॉना ल्यूसी नावाची संपादक पायनियर बायकांवरच्या पुस्तकासाठी माहिती शोधत टेरी नावाच्या त्या छोट्या गावात पोचली. तळघरात सुमारे 1,800 काचेच्या प्लेटा, छापलेले फोटो आणि रोजनिशांचा ढीग. यांपैकी रोजनिशा मला प्लेटांइतक्याच मोलाच्या वाटतात. कुणाच्या घरी गेले, कुणाचा फोटो काढला, किती पैसे मिळाले, भाकरी-पाव किती भाजला, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. त्यामुळे प्लेटेतला माणूस नुसता "एक मेंढपाळ" राहत नाही.

बुचरच्या बाबतीत फोटोतली माणसं ओळखणं इतकं सोपं गेलं नाही. त्याची टिपणं आगीत गेली होती. सोसायटीने त्यालाच काही काळ कामावर ठेवून फोटोंखालची माहिती लिहून घेतली, पण पंचवीस-तीस वर्षांनंतर आठवणीतून लिहिलेलं, त्यात घसरणारच. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मदतीने हे फोटो ओब्लिंगर नावाच्या वसाहतकरी कुटुंबाच्या पत्रांबरोबर इंटरनेटवर आले. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे ज्यांची ही माणसं, त्यांच्या वंशजांना आता ती घरबसल्या सापडू शकतात. ढेकळांची घरं तर विरघळून जमिनीत गेली. इसिडोर ओमोंचं दुमजली सॉड हाउस, त्या भागातलं नावाजलेलं, 1967 साली पाडलं गेलं.

आपल्याकडे घराच्या माळ्यावर काचेची प्लेट सापडली तर काय करायचं, असं लोक विचारतात. कडांना धरा, मधोमध बोट लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई आणि आम्ल दोन्ही चिकटतात. आडव्या थप्पीत रचू नका, खालची फुटते. लांब बाजूवर उभ्या ठेवा. फुटलेली असेल तर तुकडे चिकटपट्टीने जोडू नका, पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. आणि घरात ज्याला माणसं ओळखता येतात असं कुणी म्हातारं उरलं असेल तर स्कॅन होईपर्यंत थांबू नका, आधी त्याच्याकडे जा. मागच्या गड्याचं नाव, भिंतीपलीकडून डोकावणाऱ्या मुलीचं नाव, गाय कुणाची तेसुद्धा विचारा. नावं पाकिटावर लिहायची, पेन्सिलीने, आणि प्लेट आत सरकवायच्या आधी. आत प्लेट असताना वरून लिहिलं तर पेन्सिलीचा दाब जिलेटिनवर उमटतो.